जंतांवरच्या वनौषधी : दावा कसा तपासावा

या पाठात आपण जंतांवर वापरल्या जाणाऱ्या परंपरागत वनस्पतींचा विचार करणार आहोत. वनस्पतींची यादी कुठल्याही द्रव्यगुणाच्या पुस्तकात मिळेल, म्हणून ती इथे दिलेली नाही. ‘अमुक पाला जंतांवर चालतो’ असे वाक्य समोर आले की त्याचे काय करायचे, एवढाच आपला प्रश्न आहे. तुम्ही औषधनिर्माणशास्त्र शिकत असा, आयुर्वेद, पशुवैद्यक किंवा साधे प्राणिशास्त्र, हे वाक्य तुमच्यापुढे येणारच.

उदाहरणासाठी एक जागा डोळ्यांसमोर ठेवू. बेंगळुरूहून उत्तरेकडे बळ्ळारी रस्त्याने निघालात की आधी हेब्बाळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय लागते. पुढे येलहंक्याच्या बाजूला पशुरोगांच्या साथींचा अभ्यास करणारी ‘निवेदी’ ही राष्ट्रीय संस्था आहे. त्याच परिसरात वनौषधी आणि लोकवैद्यक यांवर काम करणारे ट्रान्सडिसिप्लिनरी विद्यापीठ आहे. १९९३ साली सुरू झालेल्या एफआरएलएचटी या संस्थेतून ते वाढले. त्यानंतर देवनहळ्ळी. २००८ पासून हे नाव विमानतळामुळे सगळ्यांना माहीत झाले, पण विमानतळाच्या कुंपणापलीकडे नाचणी, द्राक्षे, तिथले प्रसिद्ध पपनस आणि मेंढ्यांचे कळप आहेत. आपल्याकडे धनगर, तिकडे कुरुब. पावसाळ्यात गवत ओले झाले की या कळपांत जंत वाढतात, आणि मेंढपाळ डॉक्टरांना साधा प्रश्न विचारतो : कडुनिंब, लसूण, कारले वाटून पाजले तर विकतच्या औषधाची गरज आहे का?

नुसते ‘हो’ म्हणालात आणि ते खोटे ठरले, तर कोकरू मरते. नुसते ‘नाही’ म्हणालात, तर ज्या विकतच्या औषधावर तुम्ही भिस्त ठेवता तेही त्या कळपात निकामी झालेले असू शकते. म्हणून उत्तर थोडे लांबून काढावे लागते.

कोणता जंत?

‘जंत’ हा शब्द आपण सैल वापरतो. लहान मुलाच्या आतड्यातला लांबलचक गोल जंत आतड्याच्या पोकळीत मोकळा असतो. अंकुशकृमी आतड्याच्या अस्तराला तोंडाने चिकटून रक्त पितो. पट्टकृमी डोक्याने अस्तर धरून ठेवतो आणि त्याला तोंडच नसते. तो सगळे अन्न अंगावाटे शोषतो. मेंढीच्या चौथ्या जठरात राहणारा हिमोंकस कॉन्टॉर्टस हा सूत्रकृमी पुन्हा रक्तावर जगणारा. एकच रस या चौघांनाही मारील असे मानायला कारण नाही. पट्टकृमीवर उत्तम चालणारे औषध गोल जंताला स्पर्शही करत नाही, हे आधुनिक औषधांतही दिसते.

चरकसंहितेच्या विमानस्थानात कृमींचे २० प्रकार सांगितले आहेत. ते प्रकार आजच्या प्राणिशास्त्राशी जुळवत बसण्यात फारसा अर्थ नाही. मात्र तिथे सांगितलेला उपचाराचा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे : आधी कृमी बाहेर काढणे (अपकर्षण), मग ते वाढतात ती परिस्थिती बिघडवणे (प्रकृतिविघात) आणि शेवटी मूळ कारण टाळणे (निदानपरिवर्जन). मारण्यावर भर नाही, काढण्यावर आहे. जुन्या वनौषधी बहुधा जंताला मारत नसत. त्याला लुळा करून त्याची पकड सोडवत. मग रेचक देऊन तो बाहेर ढकलावा लागे. रेचक वेळेवर दिले नाही तर जंत शुद्धीवर येऊन पुन्हा चिकटण्याची भीती.

ओव्याचा हिशेब

ओवा घरोघरी असतो आणि ‘ओव्याने जंत पडतात’ हे घरोघरी म्हटले जाते. या म्हणण्याला आधार आहे. ओव्याच्या तेलात थायमॉल असते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अंकुशकृमीवरचे जगातले एक मुख्य औषध म्हणजे थायमॉल, आणि पहिल्या महायुद्धापूर्वी त्यासाठी लागणारा ओवा भारतातून जर्मनीला जाई.

आता मात्रा पाहा. प्रौढ माणसाला थायमॉल सुमारे ४ ग्रॅम, दोन-तीन भागांत विभागून दिले जात असे. ओव्यात साधारण २ ते ४ टक्के तेल असते आणि त्या तेलाचा सुमारे निम्मा भाग थायमॉल. चहाचा एक चमचा ओवा २ ग्रॅमचा धरला तर त्यात तेल ६० मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे थायमॉल ३० मिलिग्रॅम. ४ ग्रॅम गाठायला असे १३० हून अधिक चमचे लागतील; पाव किलोपेक्षा जास्त ओवा. चिमूटभर ओवा चावून पोटातला वारा सरेल, तोंडाला चव येईल, पण अंकुशकृमीवर वापरलेल्या मात्रेच्या शंभराव्या भागापर्यंतही तुम्ही पोचत नाही.

म्हणजे ‘ओव्यात जंतनाशक द्रव्य आहे’ हे खरे, आणि ‘ओवा खाल्ल्याने जंत जातात’ हे त्यावरून सिद्ध होत नाही. परीक्षेत आणि बाहेरही या दोन वाक्यांची सर्वांत जास्त गल्लत होते.

उलट बाजूही बघा. ४ ग्रॅम थायमॉल ही मात्रा रोग्यालाही सोसवत नसे. ते दिल्यावर तेलकट पदार्थ आणि दारू यांना सक्त मनाई असे, कारण त्यांत थायमॉल विरघळून रक्तात शोषले जाते. ते आतड्यात राहिले तर जंताला बाधते, रक्तात गेले तर माणसाला. जंतांवरच्या सगळ्या औषधांचा पेच हाच आहे.

वावडिंग

महाराष्ट्रात तान्ह्या बाळाच्या पाण्यात किंवा दुधात वावडिंगाचे दोन-चार दाणे उकळण्याची रीत आहे. कन्नडमध्ये याला वायुविळंग म्हणतात, संस्कृतात विडंग. चरकाने कृमिघ्न द्रव्यांत विडंगाला पहिला मान दिला आहे. या फळांत एम्बेलिन नावाचे नारिंगी रंगाचे, स्फटिकरूप द्रव्य २ ते ३ टक्के किंवा थोडे जास्त असते. मुंबईत औषधभांडाराचे काम पाहणारे विल्यम डायमॉक यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पश्चिम भारतातल्या अशा औषधांची जी नोंद केली, तीत वावडिंग आहेच. त्या काळात एम्बेलिनचे अमोनियम लवण पट्टकृमीसाठी दिले जाई.

लवणच का? कारण एम्बेलिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. दोन दाणे पाण्यात उकळले तर पाण्यात उतरते ते दुसरेच काही. एम्बेलिन बहुतांशी चोथ्यातच राहते. ग्रंथांत विडंगाचे चूर्ण पोटात द्यायला सांगतात, म्हणजे फळ अख्खे पोटात जाते, ही तफावत लक्षात घ्या. दुधात स्निग्धांश असल्याने थोडे अधिक उतरत असेल, पण दाणेच दोन. बाळाला या पाण्याने अपाय होत नाही असा आयांचा अनुभव आहे. त्याचे एक कारण कदाचित हेच की त्यात फारसे काही नसते. जास्त मात्रेत मात्र एम्बेलिन निरुपद्रवी नाही. उंदरांवरच्या प्रयोगांत त्याचा प्रजननक्षमतेवर परिणाम दिसला आहे, तेव्हा गर्भवती स्त्रीला ‘नैसर्गिक आहे, घ्या’ असे सांगायचे नसते.

बाकीची जुनी मंडळी

डाळिंबाचे उदाहरण विद्यार्थी नेहमी चुकवतात. पट्टकृमीवर चालते ती डाळिंबाच्या मुळाची साल. दाणे किंवा रस नव्हे. तिच्यातल्या अल्कलॉइडला १८७८ साली फ्रान्समध्ये तान्रे यांनी पेलेटिएरीन असे नाव दिले. जंत लुळा पडतो, आणि मात्रा थोडी चढली की माणसाला चक्कर येते, दृष्टी अंधुक होते.

किरमाणी ओव्यातल्या सँटोनिनने गोल जंत पडत, यात शंका नाही. काही दशके ते जगभर वापरले गेले. पण घेणाऱ्याला सगळे जग पिवळे दिसू लागे. पळसाच्या बियांतले पॅलासोनिन रासायनिकदृष्ट्या कँथारिडिनचे भावंड आहे, म्हणजे ज्या किड्याच्या स्पर्शाने कातडीवर फोड येतात त्याच्या विषाचे. शेंद्रीच्या फळांवरची लाल पूड, म्हणजे कपिला, पट्टकृमीवर देत. ती स्वतःच रेचक असल्याने वेगळे रेचक लागत नसे. तीच पूड रेशीम रंगवायला वापरत आणि तिच्यात विटांची भुकटी मिसळण्याचा उद्योगही जुनाच. अमेरिकेतून आलेले चेनोपोडियमचे तेल १९२० च्या दशकात मद्रास इलाख्यातल्या अंकुशकृमीविरोधी मोहिमेपर्यंत पोचले. ते प्रभावी होते, आणि त्याने रोगी दगावल्याच्या नोंदीही आहेत.

ही औषधे मागे पडली ती ‘पाश्चात्त्यांनी दाबली’ म्हणून नव्हे. त्यांतली बरीचशी पाश्चात्त्य औषधकोशांतच होती. १९५० च्या दशकात पिपरेझिन आले, पुढे अल्बेंडाझोल आले, आणि जंताला लागणारी मात्रा व माणसाला बाधणारी मात्रा यांच्यातले अंतर एकदम कितीतरी पटींनी वाढले. २०१५ पासून आपल्याकडे राष्ट्रीय जंतनाशक दिनी १ ते १९ वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी शाळा-अंगणवाडीत चावून खायला देतात. दोन वर्षांखालच्यांना अर्धी. आधी विष्ठा न तपासता कोट्यवधी मुलांना देता येईल इतके मोठे अंतर सँटोनिन किंवा चेनोपोडियमला कधीच नव्हते.

गांडुळावरचा प्रयोग

आता एका दुखऱ्या जागेकडे वळू. तुमच्यापैकी कित्येकांनी हा प्रयोग केला असेल किंवा करणार असाल : बशीत गांडुळे घ्यायची, वनस्पतीचा अर्क ओतायचा, गांडूळ लुळे पडायला किती मिनिटे लागली आणि मरायला किती, हे घड्याळावर मोजायचे. शेजारच्या बशीत अल्बेंडाझोल किंवा पिपरेझिन. अर्काने गांडूळ लवकर मेले की निष्कर्ष लिहायचा : ‘अर्काचा प्रभाव प्रमाणित औषधापेक्षा अधिक.’ प्रयोग स्वस्त आहे, दोन तासांत होतो आणि आलेख छान येतो. माझ्या मते एवढ्यावरून जंतांबद्दल जवळजवळ काहीच कळत नाही.

पहिले कारण, गांडूळ हा वलयांकित प्राणी. सूत्रकृमी नव्हे, पट्टकृमीही नव्हे. तो ओलसर कातडीने श्वास घेतो, म्हणून पाण्यात जे काही विरघळलेले असेल ते त्याच्या अंगात उतरते. मीठ, व्हिनेगर, साबणाचे पाणी या साऱ्यांनी गांडूळ मरते. गोल जंताच्या अंगावर मात्र जाड आवरण असते आणि तो पाचकरसांत सुखाने राहतो.

दुसरे कारण पुन्हा मात्रेचे. अर्क बहुधा दर मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम अशा तीव्रतेने वापरतात. आतड्यातल्या अर्ध्या लिटर द्रवात तेवढी तीव्रता हवी असेल तर २५ ग्रॅम सुका अर्क लागेल. अर्क दहा टक्के निघाला असे धरले तर पाव किलो सुकी वनस्पती, तीही एका वेळी.

तिसरे कारण बहुतेक अहवालांत दिसतच नाही. अल्बेंडाझोल जंताच्या पेशींतल्या ट्युब्युलिनला चिकटते. त्यामुळे जंताचे अन्नग्रहण हळूहळू थांबते आणि तो काही दिवसांत मरतो. मिनिटांच्या शर्यतीत ते हरणारच. त्या शर्यतीत मिठाचे पाणीही त्याला हरवील.

प्रकल्प करायचाच असेल तर वेगळे मार्ग आहेत. कत्तलखान्यातून मिळालेल्या मेंढीच्या जठरातले हिमोंकस थेट वापरता येतात. विष्ठेतून वेगळी केलेली अंडी अर्कात ठेवून त्यांतली किती उबतात हे मोजता येते. सी. एलेगन्स हा मातीतला सूत्रकृमी प्रयोगशाळेत सहज वाढतो. तो परजीवी नसला तरी निदान सूत्रकृमी आहे.

माणसांवरचा पुरावा

बशीतून बाहेर पडून माणसांपर्यंत पोचलेले प्रयोग थोडे आहेत. नायजेरियात ६० मुलांवर झालेला एक प्रयोग २००७ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या मुलांना पपईच्या सुक्या बियांची पूड मधातून दिली, निम्म्यांना नुसता मध. आठवड्यानंतर पहिल्या गटात ३० पैकी २३ मुलांच्या विष्ठेत परजीवी सापडले नाहीत. मधाच्या गटात ३० पैकी ५. फरक ठळक आहे, पण मला तुमचे लक्ष त्या ५ कडे वेधायचे आहे. नुसत्या मधावर ५ मुले ‘बरी’ झाली. विष्ठेत अंडी रोज सारखी पडत नाहीत, एखाद्या तपासणीत निसटतात. तुलनेचा गट नसता तर मधालाही आपण जंतनाशक म्हटले असते. ६० मुले हा आकडा लहान आहे आणि गोल जंत, अंकुशकृमी यांचा वेगवेगळा निकाल लावायला तो पुरत नाही. तरीही गांडुळाच्या शंभर बशांपेक्षा असा एक प्रयोग मोलाचा.

अल्बेंडाझोललाही हीच कसोटी लावा. एका मात्रेने गोल जंत बहुतेक सगळे जातात, अंकुशकृमी साधारण पाचांपैकी चौघांचे जातात, आणि आतड्यात शेपटीसारखे बारीक अंग रुतवून बसणारे चाबकाच्या आकाराचे जंत जेमतेम एकतृतीयांश रुग्णांचे. ‘कोणता जंत’ हा प्रश्न गोळीलाही सुटलेला नाही.

परत कळपाकडे

मेंढ्यांच्या बाबतीत वनौषधींचा विषय आज पुन्हा का निघाला, ते आता पाहू. हिमोंकसची एक मादी दिवसाला ५ ते १० हजार अंडी घालते आणि प्रत्येक जंत रोज सुमारे ०.०५ मिलिलिटर रक्त पितो. एका मेंढीत ५ हजार जंत असतील तर रोजचे पाव लिटर रक्त गेले. पापणी उलटून पाहिली तर आतली गुलाबी कड पांढरी पडलेली दिसते. इतक्या वेगाने वाढणाऱ्या जंतात औषधाला दाद न देणारे वाण लवकर तयार होतात. अल्बेंडाझोलच्या कुळातल्या औषधांना प्रतिकार करणारे हिमोंकस भारतात अनेक ठिकाणी आढळले आहेत; ट्युब्युलिनमधला एक अमिनो आम्ल बदलला की औषध तिथे नीट चिकटत नाही. सगळ्या कळपाला, सारखे तेच औषध, अंदाजाने आणि बहुधा कमी मात्रेत पाजणे हे त्याचे मोठे कारण.

येलहंक्याच्या विद्यापीठाने आणि नॅशनल डेअरी डेव्हलपमेंट बोर्डाने पशुपालकांपर्यंत नेलेल्या लोकवैद्यकाच्या कृतींत जंतांसाठी जिरे, मोहरी, मिरी, हळद, लसूण, कडुनिंबाचा पाला, कारले, केळीचा गाभा, द्रोणपुष्पी (कन्नडमध्ये तुंबे) असे जिन्नस गुळात वाटून देतात. अशी कृती तुमच्या कळपात चालते का, हे ठरवायला मोजणीचे सोपे साधन आहे : विष्ठेतल्या अंड्यांची मोजणी. पण ती नीट करा. समजा औषध पाजण्यापूर्वी एका ग्रॅम विष्ठेत सरासरी ८०० अंडी होती आणि १४ दिवसांनी २०० झाली. तुम्ही म्हणाल, ७५ टक्के घट. आता त्याच कळपातल्या, काहीही न पाजलेल्या मेंढ्या मोजा. त्यांच्यातही ८०० वरून ४०० झाली असतील, कारण पाऊस ओसरला, कुरण बदलले, मेंढ्यांनी स्वतःच थोडा प्रतिकार केला. तेव्हा तुलना २०० ची ४०० शी करायची, म्हणजे खरी घट ५० टक्के. रासायनिक औषधाकडून ९५ टक्क्यांची अपेक्षा असते आणि त्याखाली घसरले की प्रतिकाराचा संशय घेतात.

मग ५० टक्के म्हणजे नापास का? आजारी, पांढऱ्या पापणीच्या कोकराला हो, नापास. त्याला तत्काळ चालणारे औषधच हवे. पण धडधाकट मेंढ्यांच्या विष्ठेतून कुरणावर पडणारी अंडी निम्म्यावर आली, तर पुढच्या महिन्यात सगळ्यांनाच कमी जंत होतील आणि विकतचे औषध कमी वेळा लागेल. टॅनिनयुक्त चाऱ्यावरचे संशोधन याच दिशेने चालले आहे. बाभळीच्या शेंगा, फणस-जांभळाची पाने अशा चाऱ्यातले टॅनिन जंताच्या आवरणावरील प्रथिनांना चिकटते, अळीला तिची कात टाकायला अडथळा होतो, मादी अंडी कमी घालते. प्रमाण वाढले तर मेंढी खाणेच कमी करते. त्यात मेंढीच्या पोटातला मोठा कप्पा सूक्ष्मजीवांनी भरलेला असतो. वनस्पतीतली बरीच द्रव्ये चौथ्या जठरात पोचण्याआधी तिथेच मोडतात. टॅनिन त्यातून बऱ्यापैकी तगून जाते.

शेवटची अडचण वनस्पतीच्या ओळखीची. बाजारात ‘वावडिंग’ म्हणून मिळणारी फळे बहुतांशी एम्बेलिया राइब्सची नसून तिच्याच कुळातल्या दुसऱ्या जातीची असतात, आणि काही वेळा तर वेगळ्याच झाडांची. मूळ वेल पश्चिम घाटात दुर्मीळ होत चालली आहे. तेव्हा प्रकल्पासाठी दुकानातून वावडिंग आणलेत तर आधी थोडे दाणे ओळख पटवण्यासाठी वनस्पतिशास्त्र विभागात द्या, नमुना क्रमांक घालून जपून ठेवा, आणि अहवालात ‘वावडिंग’ एवढेच न लिहिता त्या नमुन्याचा क्रमांक, जात आणि खरेदीची जागा लिहा. हे नसेल तर तुमचा प्रयोग दुसऱ्या कोणाला पुन्हा करून पाहता येणार नाही, मग आकडे कितीही चांगले असोत.